अंगठा आधी कोणाचा

आमच्याकडे सासू-सुनेची भांडणं चुलीवरून झाली नाहीत, कारण चुली मुळातच दोन जिल्ह्यांत होत्या. आमचं भांडण अंगठ्यावरून असायचं. दर महिन्याला रेशनच्या मशीनवर आधी कोणाचा अंगठा पडतो, एवढाच प्रश्न. पण त्या प्रश्नापायी मी तापाने फणफणत असताना मेहरूणच्या गल्लीतून पळत गेलेले आहे आणि माझ्या सासूबाईंनी सख्ख्या भाच्याच्या साखरपुड्याची पंगत अर्धी टाकलेली आहे.

सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. त्या गावी राहतात, धुळ्याच्या पुढे, पांझरेच्या काठी. आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं जळगावात, मेहरूणला, भाड्याच्या दोन खोल्यांत, कारण नवरा डाळमिलमध्ये कामाला. घरं दोन, पण रेशनकार्ड एक. त्यावर आधी कुटुंबप्रमुख म्हणून नाना होते, म्हणजे माझे सासरे. पुढे नियम आला की घरातली सगळ्यात मोठी बाई हीच प्रमुख. नानांच्या जागी अक्कांचा फोटो लागला. नाना तेव्हा जिवंत होते, आणि प्रमुखपद गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते त्यांच्याकडे कधी नव्हतंच.

आमच्या भागात रेशन दुकानाला कंट्रोल म्हणतात. पूर्वी कार्ड ज्या गावचं, त्याच गावच्या कंट्रोलवर धान्य मिळायचं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. मग मशीन आलं आणि सरकारने सांगितलं की आता कुठल्याही गावात अंगठा लावा, तुमचं धान्य घ्या. सरकारचा हेतू चांगला होता. कामासाठी गाव सोडलेल्या माणसांची सोय व्हावी, म्हणून केलं. पण कुठलंही दुकान म्हणजे मेहरूणचंही दुकान, हे ज्या दिवशी मला कळलं, त्या दिवशी शर्यत सुरू झाली. कारण अर्धं इथे अर्धं तिथे ही कटकट कुठल्याच दुकानदाराला नको असायची. जो आधी अंगठा लावील तो घरातल्या सगळ्यांचं धान्य उचलायचा, आणि दुसऱ्याला मशीन सांगायचं की या महिन्याचं गेलं.

अक्का बहुतेक वेळा जिंकायच्या. त्यांचा कंट्रोलवाला, ज्याला गाव आबा म्हणतं, त्याच्या घरी उन्हाळ्यात अक्कांच्या हातच्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा जायचा. आबाची बायको अक्कांच्या शेजारची. धान्याचा ट्रक फाट्यावर वळला की अक्का दुकानाच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. इकडे नवऱ्याच्या मोबाईलवर सरकारचा मेसेज यायचा की आपल्या कार्डावर धान्य दिलं. तो मिलमधून मला फोन करायचा आणि क्रिकेटचा निकाल सांगावा तसं सांगायचा, "अक्का जिंकली." पाठोपाठ खुद्द अक्कांचा फोन.

"उचली लिधं व मी. बठ्ठं. तुम्हना वाटाना गहू निवडीसन ठेवस. येशात तव्हय लई जा."

म्हणजे धान्य आम्हाला मिळायचंच. गहू निवडून, वाळवून, वर कडुनिंबाचा पाला घालून मिळायचा. माझा खरं तर फायदाच होता, घरबसल्या. मग शर्यत कशाची, असं मेहरूणची माझी शेजारीण विचारायची. तिला सांगून कळलं नसतं, कारण तिची सासू तिच्याच घरात आहे.

शर्यत देण्याची होती. घेण्याची नव्हती. धान्य सरकारचं, फुकटचं, पण ज्याने उचललं तो देणारा आणि दुसरा घेणारा. अक्कांनी उचललं की त्या आम्हाला पोसायच्या. त्या ओट्यावर बसून गावाला सांगायच्या की जळगावला पोराला पुरत नाही, मी पाठवते. मी उचललं की मी अक्कांचा वाटा एसटीने घेऊन जाणार आणि फाट्यापासून घरापर्यंत डोक्यावर पिशवी मिरवत चालणार. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. पण मी सून म्हणून आल्यापासून त्या घरातून घेतच आले होते. साड्या घेतल्या, सल्ले घेतले, टोमणे घेतले. मला एकदा द्यायचं होतं.

मी जिंकायचे तेव्हा त्यात मेहरूणच्या कंट्रोलवाल्या चाचांचा मोठा वाटा असायचा. हे म्हातारे गृहस्थ मला बेटी म्हणायचे. मशीन नीट चालायला लागलं की दुकानात येणाऱ्या गल्लीतल्या कोणाकडूनही निरोप धाडायचे, "बोलो उसको, सर्व्हर जाग गया." मी पिठाच्या हाताने जायचे. अंगठ्याला कणीक चिकटलेली पाहून चाचा म्हणायचे, "पहले धो ले, मशीन रोटी नहीं खाती."

मी नेलेल्या गव्हाचं स्वागत मात्र पाहण्यासारखं असायचं. अक्का ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बेताने, सूप घेऊन बसायच्या. मग एकेक खडा काढून बाजूला मांडायच्या, त्याचा ढीग करायच्या, आणि कोणी विचारलं की सांगायच्या, "हाऊ जयगावना गहू. दखा. खडाज खडा." गहू त्याच सरकारी गोदामांतला. त्यांनी उचललेल्या गव्हातही तेवढेच खडे असायचे, पण ते त्या घरात बसून काढायच्या.

एका महिन्यात तर दोन्हीकडची मशीनं एकाच वेळी बंद पडली. त्या दिवशी राज्यभर सर्व्हर झोपला होता, पेपरातही आलं होतं. पण अक्का अजून म्हणतात की मी अंगठा जोरात दाबला.

यातून सुटायचा सरळ रस्ता होता. कार्ड वेगळं करायचं. अक्कांचं गावी, आमचं जळगावला. चाचाही म्हणायचे, करून घे, दवाखान्याच्या कामाला येईल, मुलांच्या शाळेला लागेल. ही सगळी कारणं मी नवऱ्याला सांगितली. खरं कारण हे होतं की मला प्रमुख व्हायचं होतं. कार्डावर माझा फोटो हवा होता, आणि तो बघून निदान मेहरूणचं मशीन तरी माझ्याशी आदराने वागेल असं वाटायचं. नवरा म्हणाला, "अक्काला तू विचार." डाळमिलमध्ये दिवसभर डाळीची टरफलं उडवणारा माणूस, पण घरात एक फुंकर मारायची त्याची छाती नाही.

मी विचारलं. अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"कार्ड फोडं म्हंजे घर फोडं. मी मरसू तव्हय फोडा."

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. त्यांच्या गावात ते तसंच असतं. भाऊ वेगळे निघाले की आधी भिंत होत नाही, वाटणीही होत नाही. आधी कार्ड होतं. एक जाऊबाई कंट्रोलवर दुसरी पिशवी घेऊन उभी राहिली की रांगेला कळतं की त्या घरात चूल वेगळी झाली. मग रांगेतल्या बाया घरी जाऊन आपापल्या सुनांकडे जरा नीट बघतात. अक्कांच्या डोळ्यांदेखत कितीतरी घरं अशी त्या रांगेत मोडली होती, आणि आपलं अजून एक आहे, याचा त्यांना अभिमान होता. घरात त्या एकट्या राहायच्या, तरी घर एक होतं.

मग केवायसी आली. कार्डावरच्या प्रत्येकाने पुन्हा अंगठा लावून आपण खरे आहोत आणि जिवंत आहोत हे दाखवायचं. आम्ही सगळ्यांनी चाचांकडे दाखवलं, अक्कांनी आबाकडे दाखवलं. आणि त्या रांगेत कोणीतरी शहाण्याने अक्कांना सांगितलं की एकाच कार्डाचे अंगठे दोन गावांत पडतात, हे वर दिसतं, अशी कार्डं बंद करणार आहेत. अक्कांचा मला फोन आला. आवाज इतका खाली की मला आधी वाटलं कोणी गेलं.

"कम्पुटरले वहीम उना शे," त्या म्हणाल्या. "येगळं करी टाक."

कंप्युटरला संशय वगैरे काही येत नाही, ही सोय सरकारनेच दिलेली आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी एवढंच म्हटलं, "बरं अक्का." सुंठीवाचून खोकला गेला होता. मी फोन ठेवला आणि फोटो काढायला कुठली साडी नेसावी याचा विचार करू लागले.

कार्ड व्हायला वेळ लागला. नाव कमी केल्याचा दाखला तिकडचा, अर्ज इकडचा, मग धान्य सुरू होईपर्यंत आणखी वाट. पण झालं. फोटोत मी अशी दिसते की हिने काहीतरी केलंय आणि आता कबूल करणार आहे. तरी प्रमुख ती प्रमुख. पहिल्या महिन्याला मी न पळता, चालत, पदर नीट घेऊन चाचांच्या दुकानात गेले आणि अंगठा ठेवला. मशीनने नेहमीसारखाच तीनदा नाकारला आणि चौथ्यांदा घेतला.

घरी येऊन मी अक्कांच्या फोनची वाट पाहिली. आला नाही. संध्याकाळी मीच केला.

"अक्का, धान्य आलं का?"

"उनं."

"घेतलं का?"

"लिधं."

"गहू कसा आहे?"

"गहू जसा गहू."

मी आणखी काही विचारलं असतं, पण पलीकडून त्यांनी विचारलं, "तुमी बरा शेतस ना?" तुमी. मला. ज्या बाईने चौदा वर्षं मला 'व' लावून एकेरीत हाक मारली, तिने मला तुमी म्हटलं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मान देते आहे, घे की." मग जेवताना त्याने कबूल केलं की त्यालाही तिने सकाळी तुमीच म्हटलं होतं.

पुढचे महिने असेच गेले. शर्यत नव्हती. चाचा निरोप धाडत नव्हते, मी महिन्यात कधीही जाऊन गहू-तांदूळ आणत होते. समोरचा पहिलवान घरी निघून गेल्यावर आखाड्यात एकट्याने मांडी थोपटावी, तसं माझं झालं. गव्हात खडे निघाले की मी ते बाजूला ठेवायचे आणि मग कोणाला दाखवू हे न सुचून फेकून द्यायचे.

आखाजी आली. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खानदेशात तिच्यापुढे दिवाळीही धाकटी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. मी गावी जायचे ते अक्कांच्या हाताखाली राबायला, कारण नणंद माहेरपणाला आलेली असायची आणि तिने झोक्यावरून उतरायचं नाही असा नियम. दरवर्षी मी त्यावर कुरकुर करायचे. यंदा आठ दिवस आधी अक्कांचा फोन आला.

"येतांना तुमना कार्डना गहू आना. ओंजयभर."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. अक्का माझ्याकडे मागत होत्या. ओंजळभर म्हणजे भिडस्तपणाने म्हटलं असणार, असं धरून मी मोठी पिशवी भरली. गहू दोनदा निवडला. एसटीत ती पिशवी पायाशी घेऊन एरंडोल गेलं, पारोळं गेलं, आणि मी मनात ठरवत होते की फाट्यापासून ती डोक्यावर घेऊनच चालायचं.

फाट्यावर चुलत दीर मोटरसायकल घेऊन उभा होता. अक्कांनी पाठवला होता. पिशवी त्याने टाकीवर घेतली, मला मागे बसवलं, नवरा आणि मुलं मागून चालत आली, आणि मी मिरवायची राहिले. घरी गेल्यावर अक्कांनी दारातच गूळ-पाणी दिलं. खाटेवर नवी सतरंजी अंथरली होती. मी सवयीने आत जाऊन भांडी उचलायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून पातेलं घेतलं.

"तुमी बसा. दमी गया व्हशात."

मग चहा. कपबशीत. ती कपबशी तलाठी आला तरच खाली निघते. आणि अक्कांनी मला विचारलं, साखर कमी चालेल की जास्त. या बाईने चौदा वर्षं मला स्वतःच्या मापाचा चहा पाजला होता, आणि मी तो निमूट प्याले होते. नवरा शेजारी जावयासारखा ताठ बसला होता. त्यालाही साखर विचारली. तो "कशीही" म्हणाला आणि घाम पुसला.

शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई मुद्दाम आल्या. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "येगळी निंघनी का व तू?"

मी काही बोलायच्या आत अक्का चुलीजवळून म्हणाल्या, "पाव्हनी शे ती. बसू द्या तिले."

दुसरा पूर्ण दिवस मी पाहुणी होते. माझं काही चुकत नव्हतं. मी अंगणात चप्पल उलटी काढली, कोणी काही म्हटलं नाही. मी मुद्दाम तांब्या खरकट्या हाताने उचलला. अक्कांनी तो हसतमुखाने घासायला घेतला. नणंद झोक्यावरून मला म्हणाली, "वहिनी, ये की, दोघी झोका घेऊ." मी गेले आणि झोका घेतला. इतका रडका झोका कोणी घेतला नसेल.

आखाजीच्या सकाळी घागर भरायची असते. गेलेल्या माणसांसाठी. उंबऱ्याजवळ धान्याची रास, त्यावर नवी घागर, घागरीत पाणी, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. मग कर्ता माणूस एकेक नाव घेतो आणि उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढतो. एका घराची एक घागर. वेगळे निघालेले भाऊ आपापली भरतात.

मी न्हाऊन आले तेव्हा उंबऱ्याजवळ दोन घागरी होत्या.

एका घागरीखाली थोडा गहू. दुसरीखाली थोडा गहू, आणि तो मी ओळखला, कारण दोनदा निवडला होता. अक्कांनी माझी ती भलीमोठी पिशवी उघडून त्यातून एकच ओंजळ घेतली होती. बाकीची पिशवी पुन्हा बांधून, परत न्यायला, दाराआड ठेवली होती.

"ही मन्ही," अक्का म्हणाल्या. "ती तुमनी. येगळं कार्ड, येगळी घागर. नियम शे."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी जगले असते. त्या खरोखरच आमचं सगळं नीट व्हावं म्हणून कुंभाराकडून दोन घागरी घेऊन आल्या होत्या, पांझरेच्या काठच्या उन्हातून, एकट्या, दोन्ही कडेवर.

नवऱ्याने धोतर नेसलं होतं. तो हातात कुंकवाची वाटी घेऊन दोन घागरींच्या मधे उभा राहिला. आजोबा-पणजोबांची नावं त्याने दोन्हीकडे घेतली, एकदा इथे, एकदा तिथे. मग नानांवर येऊन थांबला.

"अक्का, नानांना कोणत्या घागरीला बोलवू?"

"कोनती बी," अक्का म्हणाल्या. "मरेल मानूसनं कोठेबी चालस. कंट्रोलनं चालस तसं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायला गेल्या. पण हसणं पुरतं आलं नाही. त्या दोन घागरींकडे पाहत राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "तो तं येडा व्हता. त्याले समजाव नही. दारमाज उभा ऱ्हाई."

नानांना मी चांगली ओळखत होते. दोन बायका दोन ताटं घेऊन उभ्या राहिल्या तर तो माणूस उपाशी राहिला असता, पण एकीला नाही म्हणाला नसता. ते दारात उभे आहेत आणि आत कुठे जावं त्यांना कळत नाही, हे मला समोर दिसलं. मला ते सहन होईना.

मी खाली बसले. आमची घागर भरलेली होती, जड होती. ती उचलून मी बाजूला ठेवली, आणि खालचा गहू तळहाताने ढकलत ढकलत अक्कांच्या राशीला नेऊन मिळवला. दोन्ही गहू सारखेच होते. मिसळल्यावर कुठला कोणाचा हे मलाही सांगता आलं नसतं.

"कार्ड राहू दे वेगळं," मी म्हटलं. "ते सरकारला दाखवायला. घागर एक."

नवऱ्याने अक्कांकडे पाहिलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं आता त्या म्हणतील, तुमी असं करू नका. त्यांनी पदराने नाक पुसलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "दखस काय? नाव ले बापनं."

त्याने नाव घेतलं. उंबऱ्यावर एक बोट उमटलं. घागरीतलं पाणी उगाचच हललं, किंवा मी रडत होते म्हणून तसं दिसलं.

अक्का उठल्या, गुडघ्यावर हात देऊन, आणि चुलीकडे जाता जाता वळल्या.

"आते आठे काय बसनी व? पुरन कोन वाटी? मन्ही माय येवाव शे का?"

मी पदर खोचला आणि आत पळाले.